कमरेतून

आधी मी चढते, मग धनुष्य.
दोरीच्या टोकाला गिरक्या घेत ते वर येतं,
हिकरीचं, चौसष्ट इंची,
मुठीपाशी आर्वोच्या घामानं काळं पडलेलं.
आर्वो म्हणजे माझा बाप.
तो लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर ट्रकमध्ये बसलाय,
इंजिन बंद, थर्मास मांडीत,
आणि या थंडीतही काच दोन बोटं उघडी,
ऐकू यावं म्हणून.

पट्टा सगळ्यात आधी.
खोडाला वळसा, कडीत कडी, ओढून बघायचं,
पुन्हा ओढून बघायचं.
याच मेपलवरून तो पडला, पाच हिवाळे झाले.
भात्यातून निसटलेला एक बाण धरायला झुकला
टेबलावरून पडता चमचा धरावा इतक्या सहज,
आणि कडी मोकळी होती.

आता त्याच्या पाठीत दोन सळ्या आहेत.
त्याला कमरेतून वाकता येत नाही.

आणि हेच तर तो शिकवत होता उन्हाळाभर.
मी सौनाच्या छपरावर,
तो खाली खुर्चीत, काठी रोखून :
वरून गेला. वरूनच गेला. हिल्का, परत वरून.
शेजारची लेम्पी कुंपणाशी येऊन म्हणाली,
चाळिशीच्या पोरीला छपरावर चढवलंस, म्हातारा चळला.
रोज चाळीस बाण, जेवणाआधी, असा नेम.
पाऊस असला तर चाळीस, ओले.

हात खाली पाडू नकोस, तो म्हणायचा.
हात पाडलास की खांदा मोडतो, ओढ आखडते,
बाण भलतीकडे.
दोन हात आणि कणा, हा सुताराचा गुण्या आहे.
गुण्या मोडायचा नाही.
आधी समोर बघून धर, सपाट जमिनीवर असल्यासारखी,
मग अख्खा गुण्या कलता कर.
कुठून?
कमरेतून, मी छपरावरून ओरडायचे.

आणि अंतर मोजायचं ते झाडाच्या बुंध्यापासून.
डोळ्यापासून निघणारी तिरकी रेघ
बढाया मारते, जास्त सांगते.
गेल्या ऑक्टोबरात मी त्या रेघेवर विश्वास ठेवला.
बाण पाठ खरवडत पलीकडे गेला,
खाली चार पांढुरके केस.
ते त्यानं पाकिटात ठेवलेत, लायसन्सच्या मागे.
का, ते मी विचारलेलं नाही.

उजाडतंय. गार हवा उतारानं
ओढ्याकडे सरकतेय, माझा वास घेऊन.
म्हणून ती वरच्या अंगानं येते,
एकटी मादी, कानाजवळ काटेरी बी चिकटलेलं.
चार पावलं टाकते, थांबते.
जणू काही विसरून आलीये घरी.

सोळा पावलं. बुंध्यापासून सोळा.
हेमलॉकच्या खोडाआड तिचं डोकं जातं
आणि मी उठून उभी.
धनुष्य तिरकं, खालचं टोक कठड्याला लागू नये म्हणून.
मधलं बोट ओठांच्या कोपऱ्यात.
बाण कुठे शिरेल ते नको बघूस,
कुठून बाहेर पडेल ते बघ :
पलीकडच्या पायाच्या मागे, खाली, आणखी खाली.
हिकरी लवते.
मीही लवते.
पट्टा पाठीमागे ताणून धरतो मला,
कुणीतरी कोटाचं टोक पकडावं तसा.

मग फक्त दोरीचा आवाज, आणि पाचोळा,
खूप पाचोळा, मग कमी,
मग एका बाजूला काहीतरी मोडल्यासारखं.
मग चिमणीएवढं काहीतरी परत बोलायला लागतं.

उतरते. पाय लटपटतात, ते उतरताना नेहमीच.
ट्रकचं दार उघडते तर तो
लागला का, असं विचारत नाही.
वाकलीस?
वाकले.
तो कपात कॉफी ओततो, माझी, काठोकाठ.
अर्धा तास थांबायचं असतं आता.
घाईनं मागे गेलं तर ती उठून
मैलभर जाते, आणि ते पाप आपलं.

समोरच्या काचेवरचं दहिवर
एका कोपऱ्यातून सुटायला लागलंय.
त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली,
सकाळपासून तशीच असावी.
मी कप डॅशबोर्डवर ठेवते आणि बांधते.
दुहेरी गाठ.
तो खिडकीबाहेर बघत राहतो, मेपलांकडे,
बोटांनी हळूच मोजत,
सोळा का सतरा.