हातपाय

पाणी पंचवीस अंश.
थर्मामीटर असूनही मी मनगट बुडवून बघते,
तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं बघावं तसं.
काचेचं नळकांडं, गुडघ्याएवढं उंच.
उंदीर अलगद सोडायचा
आणि सहा मिनिटं मोजायची.
पहिली दोन धरायची नाहीत.
पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हातपाय मारतात.

सेगेदच्या या तळघरात एकोणीस पिढ्या झाल्या.
डावीकडच्या पिंजऱ्यांत हातपाय मारणाऱ्यांचा वंश,
उजवीकडे हातपाय गाळणाऱ्यांचा.
गाळणाऱ्याची सोयरीक गाळणारीशीच,
पत्रिका आम्हीच जुळवतो.
डॉक्टर सेंदे शेपटीचं टोक कापून बाटलीत घालतात,
कुठल्या गुणसूत्राच्या कुठल्या वळणावर
दुःख दबा धरून बसलंय, ते शोधतात.
चांगला माणूस. नाताळात पिंजऱ्यांसाठी अक्रोड आणतात.

माझा भाऊ लोरांत ट्रामची चाकं दुरुस्त करायचा.
मग दोन हिवाळे स्वयंपाकघरात बसून राहिला,
खिडकीकडे पाठ, गळ्यातला मफलर तसाच.
आई म्हणायची, एतेल्का आत्याचं असंच झालं होतं,
आणि ओठ मिटून घ्यायची.
खाण तशी माती म्हणावं, तर खाण आपलीच.
नळ टपकत असायचा.
त्याच्यापासून हातभर लांब.
हातभर म्हणजे केवढं, ते त्यालाच ठाऊक.

उजवीकडचा चारशे बारा नंबर आज
तिसऱ्याच मिनिटाला थांबला.
नाक तेवढं पाण्याबाहेर,
मागचा एक पाय अधूनमधून हलतोय, सुकाणूसारखा.
तक्त्यात रकाना आहे : हताश, सेकंद.
मी स्टॉपवॉच दाबते.

बाबा तिसा नदीवर होडी चालवायचे.
आठ वर्षांची होते. धारेनं ओढलं
तेव्हा काठावरून ओरडले,
मारू नकोस हातपाय! पाठीवर पड,
नाक वर ठेव, नदी थकेपर्यंत थांब.
नदी काही थकली नाही.
पुढच्या वळणावर कंटाळून
तिनं मला वाळूत ठेवलं.
ते सेकंद कुणी मोजले असते
तर कुठल्या रकान्यात?

डॉक्टरांना एकदा विचारलं.
म्हणाले, प्रश्न बरोबर आहे,
अनुदानाच्या अर्जात बसत नाही.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

वसंतात आम्ही पिल्लं बदलली.
उजवीकडची गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं
डावीकडच्या आईपुढे ठेवली.
तिनं हुंगलं. थांबली.
मग चाटायला लागली, पोटची असल्यासारखी.
मोठी झाल्यावर त्यातली काही पोहली,
काही नाही.
आलेख काढला तर नुसता ढग.
डॉक्टर म्हणाले, थोडं रक्तात आहे, थोडं जिभेत,
उरलेलं अजून कुणाला माहीत नाही.

लोरांत आता बरा आहे असं आम्ही म्हणत नाही.
गोळ्या घेतो. कबुतरांना दाणे टाकतो, कधी टाकत नाही.
परवा उठला, नळ बंद केला,
परत येऊन बसला.
मी मान खाली घालून बटाटे सोलत राहिले.

वेळ संपली.
चारशे बाराला टॉवेलात घेते, दिव्याखाली धरते.
बोटांखाली त्याचं काळीज
असं धावतंय, की याला थांबलेला कसं म्हणू.
रकान्यात आकडा लिहिते : एकशे नव्वद.
शेजारी पेन्सिलीनं, खोडता येईल असं :
तरंगत होता.

पाणी बदलायचं.
चारशे तेरा.
मनगट बुडवते.