ओरखडा

डेल्फा स्लोनच्या त्या गाण्यातला एक शब्द
वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत
मी ऐकलाच नव्हता.

आमच्या तबकडीवर तिथं ओरखडा होता.
"खिडकीतला दिवा, राजा, तुझ्यासाठीच..."
टक्.
आणि सुई उडी मारून थेट गिटारवर,
त्या आडव्या, पोलादी, गळा काढणाऱ्या गिटारवर.

बाबा खाणीतून यायचे, तोंड धुवायचे.
पापण्यांच्या मुळाशी कोळसा तसाच,
काजळ घातल्यासारखा.
घेवडा आणि मक्याचा पाव उभ्यानेच खाऊन
तबकडी लावायचे. एकदाच.
पुन्हा लावा म्हटलं तर म्हणायचे,
"तीही दमते गं, इमोजीन."

आई सिनसिनाटीला गेली होती.
कामाला, असं आम्ही सांगायचो,
आणि गावही आमच्यासमोर तेच सांगायचं.
स्वयंपाकघराच्या खिडकीत
चाळीसचा बल्ब रात्रभर जळायचा.
विजेचं बिल आलं की बाबा
चष्मा न लावताच वाचल्यासारखं करायचे.

मला वाटायचं, गाणं तेवढंच आहे.
दिवा, तुझ्यासाठीच, टक्.
कपडे वाळत घालताना मी ते टक्-सकट म्हणायचे,
टाळूला जीभ लावून, अगदी तालात.
रेडिओवर ते कधी लागलं नाही;
मागच्या बाजूचं गाणं, कोण लावणार?

बाबांची छाती कोळशाने भरत भरत बंद पडली,
त्यानंतरच्या वर्षी ती आली.
आमच्या हायस्कूलच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेघांवर मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांपुढे.
केस उंच, टिकल्यांचा झगा काखेत उसवलेला,
उजव्या खुब्यात काही तरी बिघडलेलं.
गाण्याआधी तिनं रुमालानं माइक पुसला,
जसं शेजारच्या मुलाचं नाक पुसावं.
वरचा सूर तिला लागला नाही.
ती त्याच्याखालून गेली,
कमी उंचीच्या दारातून वाकून जावं तशी,
आणि आत जे होतं ते आम्हाला दिसलं.

"खिडकीतला दिवा, राजा, तुझ्यासाठीच
विझवला."

विझवला.

दुसऱ्या वेळी तिनं माइक आमच्याकडे केला.
पुढच्या रांगेतल्या चार-पाच बायकांनी
तो शब्द उचलला, न बघता, न लाजता,
घरची किल्ली उचलावी तसा.
एकीच्या मांडीवर पर्स होती, ती तिनं घट्ट धरली.
माझी जीभ मात्र टाळूला गेली होती.
टक्.

घरी येऊन तबकडी दिव्याखाली तिरकी धरली.
पाकिटावर आईचं नाव, आईच्या अक्षरात:
लेता कॉडिल, आणि खाली तारीख,
ती गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली.
म्हणजे तिनं पूर्ण ऐकलं होतं.
महिनोन् महिने, याच टेबलाशी, बटाटे सोलत.

ओरखडा सरळ आहे.
निसटलेल्या सुईचा असा नसतो, तो वाकडा जातो.
हा खिळ्याचा असावा, किंवा चाकूच्या टोकाचा;
लाकडी टेकूंवर खुणा करणाऱ्या
सवयीच्या हाताचा.

डेल्फाबाई, तुमचं एकच गाणं
या घरात दोघांनी ऐकलं.
एक त्यावर निघून गेली,
एक त्यावर चौदा वर्षं बसून राहिला.
तुम्हाला हे कळवावं असं वाटलं होतं,
पण पत्ता कुणाला विचारायचा?

मी सुई ठेवली.
एकदाच.