त्रेचाळीस नंबर

माधवनगरला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं,
पत्र्याच्या शेडवर निळी अक्षरं होती:
मगदूम एरो मोटर्स.
त्यातला 'ए' आधी गंजून पडला.
पुढं कित्येक वर्षं आम्ही नुसतेच 'रो मोटर्स'.

नेमगोंडा आण्णांची सुरुवात उसाच्या चरकापासून.
एक सिलिंडर, साडेपाच हॉर्सपॉवर,
गुऱ्हाळावर रात्रभर ठोके देणारं ते धूड
लोक 'डबडं' म्हणत आणि उधारीवर नेत.
त्या उधारीतून विमानाचं इंजिन निघालं
असं सांगितलं तर अजून हसतात.

कवलापूरच्या माळावरची धावपट्टी तेव्हा ओस.
मिरच्या वाळत पडलेल्या.
आण्णा सायकलवरून जात, मधोमध उभे राहत,
वारं कुठनं येतंय बघत.
"खालचं पाणी वर काढाय समद्यांनी इंजनं केली,
मानूस वर काढायचं एक आपन करू."

पहिलं तापलं आणि चिकटलं.
दुसरं, तेल गळून संपेपर्यंत चाललं.
तिसऱ्याचं नाव कुणी घेत नाही;
बाबालाल मुल्लांच्या उजव्या हाताला तीनच बोटं,
त्यावरून काय ते समजावं.

तेच बाबालाल साचा भरायचे,
कृष्णेची वाळू, वर काकवीची धार.
ओतकाम झालं की शेडभर गुळाचा वास
आणि ऐन कामात सगळ्यांना भूक.

पंखा मिरजेत झाला, सतारी करतात त्या गल्लीत.
अल्लाबक्षनं तुणाचं लाकूड तासलं,
दोन्ही पात्यांवर टिचकी मारली,
"हे जरा उतरलंय," म्हणाला, आणि परत रंधा घेतला.
पुण्याहून बॅलन्सिंगचं मशीन आलं
तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं.

मी तपासणीला. मायक्रोमीटर, भिंग, वही.
पास झालेल्या इंजिनावर नंबर ठोकायचा:
आकड्याचा ठसा, एकच घाव.
तिनावर माझा हात जरा डावीकडं झुकतो.
आण्णा रागवत. तो काही सुधारला नाही.

सतरा नंबर उडालं.
खरंच उडालं. अकरा मिनिटं.
हवाई दलातनं निवृत्त झालेले बेळगावचे याळगी आत,
दंडोबाच्या दिशेनं वळले, ठिपका झाले,
आवाज तेवढा आमच्यापाशी मागं राहिला.
बाबालालनी तीन बोटांनी कान झाकला.
रडू आलं की माणूस कान का झाकतो
हे मी विचारलं नाही.

मग दिल्लीचं पत्र.
मग त्या पत्राचं स्मरणपत्र.
प्रमाणपत्राच्या फायली एकदा मी काट्यावर ठेवल्या,
इंजिनापेक्षा चार किलो जास्त.

एका रात्री आण्णांनी पंखा उलटा बसवला.
सकाळी तासगावचे बागायतदार आले,
द्राक्षांवर औषध मारायचा ब्लोअर बघायला.
"वारंच इकायचंय न्हवं," आण्णा म्हणाले.
त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

परवा सावळजला लग्नाची पत्रिका द्यायला गेले
तर बागेतनं आवाज आला. ओळखीचा.
ट्रॅक्टर थांबवायला लावला.
मोरचुदाचा निळा थर नखानं खरवडला:
चार. आणि डावीकडं कललेला तीन.

मालकाचा पोरगा म्हणाला,
"जुनं मॉडेल आहे आजी, बंदच पडत नाही.
पुढच्या वर्षी ड्रोन घेणार."
"त्याचं इंजिन कुठलं?"
"त्याला इंजिन नसतंय. बॅटरी."

बरं, म्हटलं, हे चालू कर.
वेलींची पानं उलटी होऊन
ओळीच्या टोकापर्यंत पांढरी झाली.
पदर दातात धरला, घड्याळ बघितलं, जुनी सवय.

बाराव्या मिनिटालाही ते चालूच होतं.