भाषेचा रकाना

अर्ज कन्नडमधून होता.
कार्यक्रमाचं नाव, जागा, वेळ, खुर्च्या किती,
आणि सातव्या ओळीत : कार्यक्रमाची भाषा.
शर्मिष्ठा धामणेकर पेन धरून थांबली.
मी म्हटलं, मोकळं सोड.
हवालदार म्हणाला, मोकळ्या जागेतच तर इथं भांडण शिरतं.
मग त्यानंच विचारलं, नाच म्हणजे काय, लावणी काय?
ती म्हणाली, हो. भाताची.

मी माइकवाला. खासबागेत दुकान.
लग्न, बारसं, गणपती, दोन्ही भाषांतल्या घोषणा
एकाच स्पीकरातनं गेलेल्या.
गाणं कुठलं लावू, विचारलं तर म्हणाली, गाणं नको,
एक माइक बळ्ळारी नाल्यावर टांग,
पाण्याच्या वर चार बोटं.
काय करूलालीस गे, म्हटलं.
पण भाडं निम्मंच घेतलं.

वडगावची शिवारं. दुबार लावणीसुद्धा
गटाराच्या पाण्यानं कुजवलेली.
जिथं बासमती निसवला की वाट विचारावी लागत नव्हती,
तिथं आम्ही नाकाला रुमाल लावून खुर्च्या मांडल्या.
नाचणारे सहा :
ती, मागावरचा इरण्णा, नर्सिंग शिकणारी फिलोमिना,
कॅम्पातला मुनाफ, आणि मजगावचे जुळे भाऊ,
त्यातला कोण कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते वाकले आणि मागं मागं चालू लागले.
लावणीत माणूस मागंच चालतं,
पुढं हिरवं होत जातं, आपण चिखलात सरकतो.
मग कुणी उठलंच नाही.
सहा पाठी, वर बल्ब, स्पीकरातनं नाला :
गुळगुळ, गप्प,
परत गुळगुळ,
सगळ्या शहराच्या न्हाण्या एकदम बोलल्यासारखं.

फिलोमिनानं पोटरी खाजवली.
इरण्णानं खाजवली. टाचेनं टाच, नखानं घोटा,
खाजवण्याचा ताल झाला, ताल चढला.
पोरं हसली.
बायका हसल्या नाहीत. त्या पाण्यात उभ्या राहतात
त्या पोटऱ्या त्यांच्याच, फोड कधी उठतात ते
त्यांना तारखेनिशी ठाऊक.
शिवक्का बिर्जेचा हात
आपसूक लुगड्याच्या काठाखाली गेला.

मग पाचजण एकमेकांत गुंतून जलपर्णी झाले,
मुनाफ पाणी झाला.
कोपरानं, डोक्यानं, वाट मागत राहिला,
मिळाली नाही, तसा वळला
आणि सरपटत थेट खुर्च्यांखाली शिरला.
पुढच्या रांगेनं पाय वर घेतले.
साहेबांनीसुद्धा घेतले.

तेवढ्यात शिवक्का उठली.
रोप असं धरतात? चमचा धरल्यासारखं?
अंगठ्यानं ढकल. बोटानं नको. बोटानं मूळ मोडतं.
ती बांधावरनं खाली उतरली, वाकली,
आणि रिकाम्या हातानं लावत सुटली,
मागं सरकत, मागं सरकत.
सहाजण तिच्या रांगेत लागले.
हे नाचात होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं,
बल्ब चढवू की उतरवू, तेही सुचेना.
सत्तरीची बाई मागं जात राहिली
आणि तिच्यापुढं काहीच हिरवं होत नव्हतं.

टाळ्या उशिरा झाल्या, आणि थोड्या.
हवालदारानं वहीत लिहिलं, शांततेत पार पडला.
मग मला बाजूला घेऊन विचारलं,
भाषा काय घालू?
स्पीकर बंद करायचा मी विसरलो होतो.
नाला बोलतच होता.

माइक स्पिरिटनं तीनदा पुसला.
परवा अनगोळला लग्न होतं,
अक्षता वाटून झालेल्या, टिचकी मारून हॅलो म्हटलं,
तर आतनं आला तो : गुळगुळ, गप्प.
नवरीची आई म्हणाली, सरि माड्री.
मामा म्हणाला, नीट कर की गा.
मी स्टुलावर बसलो होतो.
पाय वर घेतले.