आगरवाड्याचा जबाब

मी रंगनाथ शेणवी, मिठाच्या चौकीवरचा कारकून,
बत्तीस वर्षांनी हा कागद पुन्हा लिहितो.
पहिला सरकारजमा झाला.
त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता,
तरी तो खोटा होता.

तह झाला त्या साली. कुणी केला, कुठं बसून,
आम्हांला कळलं ते शापोऱ्याच्या तारीवर:
राज्य पोर्तुगेजाचं ते पोर्तुगेजाचंच,
मीठ मात्र इंग्रजाचं.
बदल्यात म्हणे आगगाडी येणार, मुरगावात.
जिवलो मिठगावडा म्हणाला,
"गाडी पेजेत विरघळते काय?"
तर हसली. मीही हसलो,
मग चौकीवर जाऊन दौत उघडली.

अर्धी आगरं बंद. उरलेल्यांना परवाना.
पाणी आत घ्यायला अर्ज,
फळं ओढायला शिपाई हजर हवा.
रास घातली की तिच्यावर राख,
राखेवर लाकडी ठसा, मुकुटाचा.
ठसा मोडला तर दंड,
कावळा बसून मोडला तरी दंड.
कावळ्याचा मीच लिहिलाय. पान एकवीस,
रास चौथी, आठ आणे.

रामघाटातून भात घेऊन उतरणारे बैल
त्या वर्षी एकदाच उतरले,
चौकीचा दर ऐकून भातासकट परत चढले.
जिवलो मुंबईच्या बोटीवर गेला, खलाशी म्हणून.
त्याची बहीण देवगी खिडकीशी आली: "पाव शेर."
मी तोललं. तिनं एक खडा जिभेवर ठेवला.
"आमच्या तिसऱ्या कोंडीतलं," म्हणाली,
आणि जकातीसकट पैसे मोजले.

पुरुषांनी अर्ज केले, पणजीला, पोर्तुगेजीत,
छान अक्षरात. (अक्षर माझं.)
उत्तर आलं नाही.

वैशाखातली अवस. उधाणाची रात्र.
बांधावर बायका, सतरा.
ठशाला कुणी हात लावला नाही,
खडाभर मीठ कुणी ओटीत घेतलं नाही.
फक्त मानशीच्या फळ्या उचलल्या,
एकेक, सावकाश,
जसं झोपलेल्या पोराखालचं पांघरूण काढावं.
नदी आत आली.

चौकीत माझा दिवा जळत होता.
देवगी ओली फळी खांद्यावर घेऊन थांबली, खिडकीसमोर.
"शेणैमाम, तुम्ही कुणाचं मीठ खाता?"
विचारायची म्हणून नव्हतं विचारलं,
तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.
मी हिशेब करू लागलो:
नऊ रुपये पगार, इंग्रजाचा.
संध्याकाळची पेज. तिच्यातली चिमूट.
हिशेब लागेना. दिवा मालवला.

सकाळी एकेचाळीस राशींच्या जागी
पाण्यावर राखेची साय.
साहेब आला, पोरगेलासा, नाकाची साल निघालेली.
"चोरी?"
"नाही साहेब, खडाही बाहेर गेला नाही."
"मग गेलं कुठं?"
मी नदीकडं बोट केलं.
त्यानं वाकून बोट बुडवलं, चाटलं,
आणि रुमालाला पुसलं.

जबाब सतरा, उत्तर एकच:
"न्हंयचं होतं, न्हंयनं नेलं."
मी कागद केला:
मीठ, खंडी दोनशे सहा. नष्ट.
कारण, भरती.
वाटलं, वाचवलं सगळ्यांना.
त्या रात्री बऱ्याच वर्षांनी गाढ झोपलो.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी हुकूम आला.
आगर कायमचं बंद.
देवगी पोरांना घेऊन होडीत बसली,
चौकीवरून गेली तेव्हा पोराचं नाक पुसत होती,
वर पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही.

हुकुमाच्या तीन प्रती करायच्या होत्या,
मराठी, पोर्तुगेजी, इंग्रजी.
तिन्ही मीच केल्या.
बंद करण्याचं कारण माझ्याच कागदातून उचललेलं,
माझ्याच अक्षरात:
येथे भरती आवरत नाही.