समुद्रावर न उच्चारायचे शब्द

शेटलंडचे जुने कोळी
होडीत पाय ठेवण्याआधी काही शब्द किनाऱ्यावरच सोडून येत.
पाद्र्याला पाद्री म्हणायचं नाही, 'उभा राहणारा' म्हणायचं,
मांजराला 'रडवी'.
खरं नाव घेतलं की समुद्र कान टवकारतो
असं वडील सांगायचे,
त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

आम्ही तोच नियम घरात आणला.
मॅग्नीला जे व्हायचं त्याला 'हवा' म्हणायचो.
आज त्याची हवा बरी नाही.
हवा पालटेल.
शेजारी विचारत, पोरगा कसा आहे?
आई म्हणे, वारा ईशान्येचा आहे.
त्यांना सगळं कळे,
ते अंडी ठेवून जात.

जूनमध्ये इथे रात्र नुसती नावाला येते,
दाराशी उभी राहते, आत शिरत नाही.
तेव्हा त्याने एकाच होडीला तीनदा रंग दिला,
पहाटे तीनला. लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल.
वल्ह्यांच्या सात जोड्या मागवल्या, उधारीवर.
किती सुंदर बोलायचा तेव्हा!
मला हेवा वाटे.
हे लिहायला नको होतं, पण वाटे.

डिसेंबरात तोच माणूस भिंतीकडे तोंड करून.
दाराशी ठेवलेल्या सूपवर साय धरलेली.
'आळस,' वडील म्हणाले. एकदाच.
तो शब्द मात्र कुणाच्या जिभेला जड गेला नाही.

लर्विकच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: बायपोलर.
मी घडी घातली, खिशात ठेवली,
परतीच्या बोटीत हात खिशाबाहेरच ठेवले.
आता सात खणांची डबी.
दर काही आठवड्यांनी त्याचं रक्त तपासायला जातं,
वादळ आलं की तेही धक्क्यावर अडकतं, माणसांसारखं.

बोटीतल्या फलकावर
'मेंढा विकणे आहे'च्या खाली पेन्सिलने:
मंगळवारी सात वाजता, जाळ्यांच्या जुन्या शेडमध्ये.
मन ठीक नसलेल्यांसाठी, आणि त्यांच्या माणसांसाठी.
बिस्किटं असतात.
बिस्किटांसाठी आलो, असं मॅग्नी अजून सांगतो.

शेडमध्ये ओस्ला, पूर्वी टपाल वाटायची.
सगळ्यांचे दरवाजे तिला आधीच माहीत.
आणि गिडियन! वर्षानुवर्षं माझ्याशी फक्त बटाट्यांबद्दल बोललेला गिडियन
कपात बघत म्हणाला,
मला आवाज ऐकू येतात. चाळीस वर्षं झाली.
त्यातला एक, बायको गेल्यापासून,
जरा कमी भांडतो.
कुणीतरी हसलं. तोही हसला.
ओस्ला वहीत लिहीत होती:
कुणाला इस्पितळापर्यंत गाडी हवी,
कुणाचा भत्त्याचा अर्ज अडलाय.
मग एक नंबर दिला: हा रात्रीही उचलतात.
नाही उचलला तर खाली माझा आहे.

मग तिने मान वळवली. आणि तू?
मी? मी नुसती सोबत आलेय.
ती काही बोलली नाही, बशी पुढे सरकवली.
आणि मला आठवलं,
सहा वर्षं मी मोजे घालूनच झोपते,
रात्री पळावं लागलं तर.

बरा झाला असं नाही.
या फेब्रुवारीत पुन्हा भिंत.
पण गिडियन यायचा, दाराबाहेर स्टूल टाकायचा
आणि तासभर बंद दाराशी
बटाट्यांबद्दल बोलायचा.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेलो.
मी इंजिन बंद केलं आणि मोठ्याने म्हटलं,
बायपोलर.
समुद्राने कान टवकारले असतील, मला दिसले नाहीत.
एका सीलने डोकं वर काढलं, बघितलं, गेला.
मॅग्नी दोर ओढत म्हणाला,
आता 'पाद्री' म्हण.

तेवढी हिंमत झाली नाही.