आषाढात कोरडी कुंडी

नाव विचारतात. मी सांगतो, हत्तीपाय,
आणि लोक माझ्याच पायांकडे बघतात.

बटाट्याएवढा, लाकडासारखा, भेगाळलेला.
अर्धा मातीबाहेर,
कासव उन्हाला बसावं तसा.
माती तरी कुठली:
सेक्टर आठच्या बांधकामावरची बारीक खडी,
विटांचा चुरा, कोळशाची खर,
सगळं पिठाच्या चाळणीतून चाळलेलं.
ती चाळणी आता स्वयंपाकघरात परत येणार नाही,
हे सुलक्षणाने मला एकदाच सांगितलं.

मी तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोंदी ठेवतो.
सफरचंदं शून्यावर, मटार उणे अठरावर,
हिवाळा माझ्या रजिस्टरात टनावर मोजलेला.
पण हा ज्याची वाट बघतो तो हिवाळा
ऐरोलीत येतो चार रात्री, खाडीवरून,
पंखा एकवर आणण्याइतकाच.
तेवढा त्याला पुरतो.
दिवाळीचे कंदील उतरले की
शेंड्यावर जांभळट टोक,
मग रोज चार बोटं सुतळीवर.

कठीण ते पावसाळ्यात.
सगळी बिल्डिंग हिरवी, ड्रेनेजच्या पायपालाही पिंपळ फुटतो,
आणि मी एका कुंडीवर जुनी छत्री बांधून
पाणी न देण्याचं काम करतो.
रोज न देतो.
झारी हातात धरून, उभा राहून, न देतो.

पहिला असाच गेला.
आम्ही चार दिवस लग्नाला,
आणि शेजारच्या मढवीकाकूंनी ग्रिलमधून हात घालून
तांब्या तांब्या पाजलं:
"सुकलाय रं बिचारा."
परतलो तेव्हा वरून तसाच होता.
अंगठ्याने दाबलं, अंगठा आत गेला.
सडक्या कांद्याचा वास.
दालचिनीची पूड लावून पाहिली, उगाच.
काकूंना मी काही बोललो नाही;
महिनाभर बोललोच नाही.

दुसऱ्याला डिसेंबरात पानं आली, बदामाच्या आकाराची.
काकूंनी एक दोन बोटांत धरलं,
उलटं करून शिरा पाहिल्या.
"हा तर करांद्याचा भाऊस!
आमची आय पारसिकच्या डोंगरावर खणायची.
पावसात येल, थंडीत कंद.
याचा उलटा कसा?"
म्हटलं, याच्या गावाला पाऊस थंडीत पडतो.
त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "मंग तवा झोपला व्हता तो.
आन मी..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही नाही.

यंदा जूनमध्ये त्यांचा करांदा
माझ्याच सुतळीवर चढला.
छत्रीखाली हा झोपलेला,
शेजारी तो घटाघटा पिणारा.
नोव्हेंबरात त्याची पानं पिवळी पडली,
काकूंनी करांदे उकडून, मीठ लावून दिले.
कडवट होते. दोन खाल्ले.

सुतळी मी काढली नाही.
आज सकाळी जांभळट टोक
तिच्यापर्यंत पोहोचलेलं नव्हतं अजून,
वाऱ्यावर चाचपडत होतं.
मी झारी भरून आणली.
अर्धीच.